पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवायची की नाही?

माजघर | २६ जानेवारी २०२५, रात्री १०.४०

मंडळी, सल्ला हवाय. थोडं मनही मोकळं करायचंय.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, वय ३१, पुण्यात नोकरीला. त्याच्याच वयाच्या एका मुलाबरोबर सहा वर्षं राहतोय. बहिणीला त्याने चार वर्षांपूर्वी सांगितलं. पहिलं वर्ष तिने रडण्यात घालवलं, दुसरं नवसात. तिसऱ्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दुसरा मुलगा पंधरा दिवस रजा काढून तिच्यापाशी राहिला. त्यानंतर रडणं थांबलं. आता एप्रिलमध्ये दोघं पुण्यात समारंभ करतायत. सरकारदरबारी नोंद होणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. हार, जेवण, दोन्हीकडची माणसं, एवढंच.

पत्रिका छापून आल्या आणि घोडं अडलं. आमच्याकडे (मालवण तालुका, गावाचं नाव नको) पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवतात. नारळ ठेवायचा, गुरव गाऱ्हाणं घालतो, मग बाकीच्यांना आमंत्रणं. आमच्या घरातलं एकही लग्न त्याशिवाय झालेलं नाही. बहीण म्हणते, ठेवायची. आमचा दादा देवस्थानात मानकरी आहे. तो म्हणतो, "घरी काय ते करा, देवळात नाव नको. लग्न नाही ते. त्याला दुसरं काहीतरी नाव द्या."

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकलेय. लग्न नाही तर मग काय? आणि लग्न म्हणजे तरी नेमकं काय? बत्तीस वर्षं संसार करून मला दादाला उत्तर देता आलं नाही.

पटत नसेल तर तसं लिहा, शिव्या नकोत.

रापण

पत्रिका ठेवा. देवाक सगळा ठाऊक आसा, तुमी काय नवीन सांगतलास?

गुहागरकर

तुमच्या दादांचं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि का ते सांगतो.

विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक. त्यातून गृहस्थाश्रम सुरू होतो आणि गृहस्थाश्रमाचा हेतू प्रजा, म्हणजे कुळ पुढे जाणं. सप्तपदी, कन्यादान, लाजाहोम हे सगळं वर आणि वधू धरून रचलेलं आहे. त्यातली एक बाजू काढली की विधी उभाच राहत नाही. माझा कोणावर राग नाही. दोन माणसांनी सुखाने एकत्र राहावं, कोणी आडकाठी करू नये. पण शब्दाला अर्थ असतो. होडीला होडी म्हणावं, तराफ्याला तराफा. दोन्ही तरंगतात म्हणून एक होत नाहीत.

सुप्रीम कोर्टानेही १७ ऑक्टोबर २०२३ ला हेच सांगितलं आणि याच महिन्यात, ९ तारखेला, फेरविचार याचिकाही फेटाळल्या. विषय संपला.

बंदरावरचा बाप्या

माझी शंका वेगळीच. लग्नात दोन्हीकडून वरपक्षच! मग रुसणार कोण आणि समजूत कोण काढणार? सीमांतपूजन कोणी कोणाचं करायचं? कान पिळायला मेव्हणा लागतो, तो कुठून आणायचा? जोडे दोघांचे पळवायचे? हे कोर्टाने बघितलंय का?

माजघर

बाप्या, हसू नका, हा घोळ खरोखर झालाय! दोन्ही आया वरमाया. विहिणीचे पाय धुवायची पद्धत आमच्याकडे अजून आहे, तर बहिणीने आधीच निरोप धाडला, "तुम्ही माझे धुऊ नका, मी तुमचे धुणार नाही, दोघींचेही गुडघे गेलेत."

कणकवलीची वकीलीण

गुहागरकर, विषय संपलेला नाही आणि कोर्टाने "हेच" सांगितलेलंही नाही.

निकाल पाच न्यायमूर्तींचा. पाचही जणांचं एकमत दोन गोष्टींवर: लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात हवे ते शब्द घालून तो समलिंगी जोडप्यांना लागू करणं कोर्टाचं काम नाही, ते संसदेने करावं. फूट पडली ती पुढे. लग्न नाही तर निदान सहजीवनाला कायद्याने काही मान्यता द्यायला सरकार बांधील आहे का? चंद्रचूड आणि कौल म्हणाले आहे. भट, कोहली, नरसिंहा म्हणाले नाही. ३ विरुद्ध २. म्हणजे कोर्ट म्हणालं "हे आमच्या हातात नाही". तुम्ही वाचलंत "हे लग्नच नाही".

समारंभ करणं गुन्हा नाही, त्याची भीती कोणी घालत असेल तर ऐकू नका. कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ लाच बाहेर काढले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही. गंमत म्हणजे ज्याला लोक आपली संस्कृती समजत होते ते कलम १८६० सालचं, साहेबाने आणलेलं.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते. विशेष विवाह कायद्यात वराचं वय २१, वधूचं १८, घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीला उपलब्ध. दोन शब्द बदलून भागत नाही, बरंच शिवणकाम उसवावं लागतं. कोर्टाला तीच अडचण दिसली.

कोकम आगळ

प्रजेसाठीच लग्न असेल तर दर कार्तिकात आपण तुळशीचं लग्न लावतो ते कशासाठी? ऊस मामा, चिंचा-आवळे, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं यथासांग. प्रजा काय झाली म्हणे?

गुहागरकर

तुळस ती, बाळकृष्ण तो. बघा जमतंय का.

कोकम आगळ

बरं. मंगळाच्या मुलीचं आधी कुंभाशी लग्न लावतात ते? माझ्या आत्तेबहिणीचं लावलं होतं, मी अक्षता टाकल्यात.

गुहागरकर

तो कुंभ. पुल्लिंगी.

कोकम आगळ

तो कुंभ, ती घागर, ते मडकं. कुंभाराकडे तिन्ही लिंगं एकाच चाकावरून उतरतात, गुरुजींनी सोयीचं तेवढं उचललं.

बंदरावरचा बाप्या

गुहागरकर आऊट.

गुहागरकर

आऊट नाही. ते प्रतीक आहे, दोष घालवण्यापुरतं. त्यानंतर खरं लग्न माणसाशीच लावतात. (पण घागर आवडली.)

पुन्हा तीच

मी रत्नागिरीची, शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही. मला या धाग्यात दोन्ही बाजूंचं नवल वाटतंय. एक बाजू म्हणते लग्न पवित्र, तुम्हाला देणार नाही. दुसरी म्हणते द्याच. अहो, पण ते आहे तरी काय एवढं? माझ्या आईने चाळीस वर्षं पहाटे उठून चूल पेटवली, आजीच्या शिव्या खाल्ल्या, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते बाबा गेल्यावर. कन्यादान म्हणे! दान द्यायला मुलगी म्हणजे काय गाय? ज्या दावणीतून बायका मान सोडवून घ्यायला बघतायत तिथे ही शिकलीसवरलेली मुलं आपणहून मान घालतायत.

उलट तुमच्या भाच्याच्या लग्नात कोणी कोणाला दान करणार नाही, कोणाचं आडनाव बदलणार नाही. असं असेल तर बाकीच्यांनीच त्यांच्याकडून शिकावं. पण मग त्याला लग्न कशाला म्हणायचं, हा दादाचा प्रश्न मलाही पडतो, फक्त उलट्या दिशेने.

दाभोळची खाडी

मला इथे मुरूड आठवतं. आमच्या दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. धोंडो केशव कर्वे त्या गावचे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्या विधवा होत्या, देवरुखच्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे कायदा होऊन ३७ वर्षं लोटली होती. तरी गावाने बहिष्कार टाकला आणि कर्व्यांना स्वतःच्या आईकडे उतरायची चोरी झाली. त्या वेळचा युक्तिवाद काय होता? "हे लग्नच नव्हे. स्त्रीचा विवाह एकदाच होतो, कन्या एकदाच दान करतात." गुहागरकर, तुमचा होडी-तराफा मी माझ्या पणजोबांच्या पिढीकडून ऐकल्यासारखा वाटतो. पुढे १९५८ मध्ये त्याच माणसाला भारतरत्न मिळालं.

आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथराव तर आणखी पुढे गेले. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही होते, सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. खटला हरले. पण "हे सगळं परदेशातून आलंय" असं कोकणातल्या माणसाने म्हणावं याचं मला हसू येतं.

गुहागरकर

कर्व्यांबद्दल मला आदरच आहे, पण उदाहरण लागू पडत नाही. तिथे प्रश्न कोणत्या बाईशी एवढाच होता. बाई आणि पुरुष हे सूत्र कर्व्यांनी बदललं नाही.

दाभोळची खाडी

नाही बदललं. पण त्या वेळच्या मुरूडकरांना विचारलं असतंत तर "सूत्र" म्हणजे कुमारिका आणि पुरुष असं उत्तर मिळालं असतं. सूत्राची हद्द नेहमी आपल्या कुंपणापाशीच कशी संपते?

देवगडचा बागायतदार

एप्रिल म्हणजे आंब्याचा ऐन हंगाम. गावातून कोण येणार नाही, आणि तुम्ही समजाल विरोध आहे. तारीख जूनमध्ये घ्या.

रापण

जूनात पेरणी.

देवगडचा बागायतदार

मग डिसेंबर.

रापण

डिसेंबरात जत्रा. कोकणात लगीन करूचाच नाय, ह्योच उपाय.

अज्ञात चाकरमानी

एक वर्ष या मंचावर नुसता वाचतोय. आज लिहितो. खरं नाव-गाव विचारू नका.

सरकारने कोर्टात लिहून दिलं होतं की ही मागणी शहरी उच्चभ्रू लोकांची आहे. मी वेंगुर्ले तालुक्यात वाढलो. वडील बागेत राखण करायचे. बारावीनंतर मुंबईला कंपनीत लागलो, कोविडमध्ये परत आलो तो इथेच राहिलो. माझा माणूस ट्रॉलरवर तांडेल आहे, सातवी शिकलेला. ओळख चौदा वर्षांची. माझ्या मुंबईच्या काळात तो वर्षातून दोनदा यायचा, दादर स्टेशनवर सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन. आमच्यातला उच्चभ्रू कोण, ते मला अजून सापडायचंय.

गावाला माहीत आहे का? आहे आणि नाही. त्याच्या घरी चवथीला गणपतीवरची माटवी मीच बांधतो, त्याची आई हक्काने नारळ सोलायला बसवते, आरतीला मी मागे उभा असतो. "झिलाचो दोस्त." कोणी काही विचारत नाही, आणि आम्ही कोणाला सांगत नाही. ही कोकणातली जुनी तडजोड आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. तिच्यावर चौदा वर्षं निघालीत.

पण दोन वर्षांपूर्वी बंदरावर दोर तुटला आणि त्याच्या डोक्याला लागलं. मी त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं (कुठलं ते सांगत नाही). शस्त्रक्रियेच्या कागदावर रकाना होता, "रुग्णाशी नातं". मी लिहिलं, मित्र. काउंटरवरची बाई चांगली होती, तिने आवाज न चढवता सांगितलं, "मित्र चालत नाही हो, रक्ताचं किंवा लग्नाचं कोणी बोलवा." आई चालू शकत नव्हती. कुडाळहून त्याचा चुलतभाऊ आला, ज्याच्याशी सात वर्षं वाटणीवरून बोलणं नव्हतं. अडीच तासांनी आला, सही केली, चहा पिऊन गेला. तेवढा वेळ मी त्या रकान्याकडे बघत होतो.

माजघर ताई, दादा म्हणतात दुसरं नाव द्या. माझी खरंच हरकत नाही. मला हार नको, मंगलाष्टकं नकोत. पण तो कागद घेणाऱ्या बाईला कळेल असा एक शब्द द्या. मला तर आजवर एकच शब्द माहीत आहे जो तिथे चालतो.

माजघर

वाचून उठले, पाणी प्यायले, परत येऊन वाचलं. आता कसा आहे तो?

अज्ञात चाकरमानी

बरा आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणजे मी बोललेलं सोयीने ऐकू येत नाही.

बंदरावरचा बाप्या

झालं तर मग. हे लग्नच आहे.

राजापूरची लेक

मी दुसऱ्या काठावरून लिहिते, कारण ती बाजू कोणी मांडत नाही.

माझं लग्न २३ व्या वर्षी झालं. स्थळ उत्तम, घर उत्तम, पत्रिका जुळली, छत्तीसपैकी तीस गुण. आमच्याही पत्रिका देवापुढे ठेवल्या होत्या. नवरा माणूस म्हणून वाईट नव्हता. पण पहिल्या रात्रीपासून तो मला घाबरायचा. मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे. मी बारीक झाले, उपास केले, डॉक्टर केले, आणि सासूबाई महिन्याच्या महिन्याला विचारायच्या "काय गोड बातमी?" तीन वर्षांनी एके रात्री त्याने रडत सांगितलं. त्याच्या घरच्यांना आधीपासून माहीत होतं. "लग्न झालं की होईल ठीक" म्हणून मला आणलं होतं. औषध म्हणून.

वेगळे झालो. मला पाच वर्षं लागली, त्याला किती लागली ठाऊक नाही. गुहागरकर काका, ते होडीच होती हो. वर होता, वधू होती, सप्तपदी होती, सगळं सूत्रात बसत होतं. आम्ही दोघं बुडालो. तुमच्या बहिणीचा मुलगा, माजघर ताई, कोणाच्या मुलीला औषध म्हणून आणत नाहीये, एवढ्यासाठी तरी माझ्या नावाने एक नारळ ठेवा.

गुहागरकर

लेक, यावर मला काही म्हणायचं नाही. तुझ्या सासरच्यांनी केलं ते पाप आहे. माझ्या मताला त्याचा आधार घेऊ नये एवढं कळतं.

पेडणेकर

गोव्यातून बोलतोय, म्हणजे कोकणच. आमच्याकडे लग्नाचा कायदा १९१० चा, पोर्तुगीजांचा. पहिल्याच कलमात व्याख्या आहे: भिन्नलिंगी दोन व्यक्तींनी कुटुंब स्थापण्यासाठी केलेला करार. करार! आमचे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे आधी निबंधकापुढे सह्या करतात, भट आणि पाद्री नंतर. नवऱ्या-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी धरतात, घर विकायचं तर बायकोची सही हवीच. रत्नागिरीच्या बाईंना आवडेल.

पण खरी मजा पुढे. पोर्तुगालने स्वतःचा कायदा २०१० मध्ये बदलला आणि समलिंगी लग्नं सुरू झाली. १९६१ ला ते गेले, कायदा मात्र इथेच राहिला. ज्यांचा कायदा त्यांनी सोडला, आम्ही जपून ठेवलाय, आजोबांच्या कोटासारखा.

पुन्हा तीच

निम्मी-निम्मी आवडलं. करार असेल तर मी विचार करेन. स्थळं पाठवू नयेत.

ओटीवरचा झोपाळा

थायलंडमध्ये तीनच दिवसांपूर्वी कायदा लागू झाला, तैवानमध्ये २०१९ पासून आहे, नेपाळातही २०२३ अखेरीस पहिली नोंद झाली. आपल्याकडे होईलच. दहा वर्षं धरा.

गुहागरकर

दत्तक मुलांचं काय? ते कोणी बोलत नाही.

कणकवलीची वकीलीण

आज तरी जोडीने दत्तक घेता येत नाही, तोही मुद्दा त्या निकालात ३ विरुद्ध २ ने गेला. एकट्याने घेता येतं, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही.

चाकरमानी, तुमच्यासाठी आणि माजघर ताईंच्या भाच्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण हे कोणी वेळेत करत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्याने स्पष्ट केलं की अशा जोडप्याला बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. रेशनकार्डावरही जोडीदाराला एकाच कुटुंबातला धरा असं केंद्राने राज्यांना कळवलंय. तलाठी किंवा पुरवठा कार्यालयातला माणूस "असं काही नाही" म्हणेल, तर पत्र छापून सोबत न्या. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेणारा, वारस वेगळे.

म्हणून मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे भाच्याचं सगळं त्याच्या आईकडे जाईल, तिच्या पश्चात तिच्या वारसांकडे. जोडीदाराला तांब्याही मिळणार नाही. जिवंतपणी बक्षीसपत्र करायचं म्हटलं तर नवरा-बायकोला राहत्या घरावर आणि शेतजमिनीवर मुद्रांक २०० रुपये, यांना परक्याच्या दराने. शिवाय परक्याकडून वर्षात ५०,००० वरची भेट घेणाऱ्याला आयकर, नवरा-बायकोला नाही. आणि कोकणातली खरी गोम: बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. बायको असती तर वारसाने सातबाऱ्यावर आपोआप चढली असती. माजघर ताई, तो दुसरा मुलगा शेतकरी कुटुंबातला आहे का?

हॉस्पिटलच्या सहीसाठी मात्र माझ्याकडे रामबाण नाही. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा सोडला, तिथे तुम्ही कोणालाही आपला प्रतिनिधी नेमू शकता, तर बाकी ठिकाणी डॉक्टरच्या माणुसकीवर आहे. एक अधिकारपत्र करून खिशात ठेवा, निदान वाद घालायला कागद हातात राहील.

माजघर

साताऱ्याकडचा आहे, ऊसवाले. सातबारा आहे!

कणकवलीची वकीलीण

मग निम्मं लग्न महसूल खात्याने लावलं म्हणा.

तिठा

मूळ प्रश्न पत्रिकेचा होता ना? कौल लावा. पाकळी उजवीकडून पडली तर ठेवा, डावीकडून पडली तर नको. देवाचं मत देवाला विचारा.

कोकम आगळ

आणि कौल लावायचा की नाही हे ठरवणार मानकरी. मानकरी दादा. म्हणजे अपील त्याच कोर्टात.

माजघर | १६ फेब्रुवारी

उशिरा आले, माफ करा. सांगते काय झालं ते.

कौल वगैरे काही लावला नाही. बहीण कोणालाच न सांगता मंगळवारी सकाळी देवळात गेली. मला नंतर कळलं, मी रागावले, मग गप्प बसले. दादा त्या वेळी कणकवलीला गेला होता, हे तिला माहीत होतं की योगायोग, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

गुरव आमच्या ओळखीचा, सत्तरीचा. त्याने पत्रिका घेतली, चष्मा नव्हता म्हणून विचारलं, "झिलाचा लगीन मां? चेडू खंयचा?" (मुलाचं लग्न ना? मुलगी कुठली?) बहीण म्हणाली, "चेडू नाय. दोघय झिलच." तो म्हणे बराच वेळ पत्रिकेकडे बघत राहिला, चष्मा नसताना. मग म्हणाला, "एक नारळ दी, दुसरो खंय आसा?" तिला कळेना. तर म्हणाला, "लग्नात न्हवऱ्याच्या बाजून एक नारळ ठेवतत. हंय दोन न्हवरे. मगे दोन नको?" तिने समोरच्या दुकानातून दुसरा आणला.

गाऱ्हाणं नेहमीचंच घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यानी हा, तो मान्य करून घे, काय चुकला माकला तर पदरात घे." बहिणीने व्हय म्हाराजा म्हटलं, देवळातली झाडू मारणारी बाई होती तिनेही म्हटलं. "लग्न" हा शब्द त्याने गाऱ्हाण्यात घेतला की नाही, ते तिला आठवत नाही. मी तीनदा विचारलं. म्हणते, लक्ष नव्हतं, डोळे मिटलेले होते.

राजापूरच्या लेकीचा नारळ मी वेगळा ठेवला, गुरुवारी जाऊन.

दादाला दुसऱ्या दिवशी समजलं. तो बहिणीशी बोलत नाही. गुरवालाही बोलला म्हणे. लग्नाला येणार नाही हे त्याने आधीच सांगितलंय आणि मला वाटतं तो शब्द पाळेल. वहिनी येणार आहे, एकटी, रात्रीच्या बसने. एवढ्या वर्षांत ती दादाशिवाय कुठे गेल्याचं मला आठवत नाही.

राजापूरची लेक

ताई.

अज्ञात चाकरमानी

आमच्याकडे दोन नारळ झाले असते तर एक त्याने वाटेतच फोडून खाल्ला असता. पण मृत्युपत्राच्या कामाला लागलोय. त्याला अजून पटवतोय, म्हणतो "मी काय मरतंय काय?"

गुहागरकर

माझं मत बदललेलं नाही, आधीच सांगतो. तो गुरव माणूस म्हणून मोठा आहे, पण विधी म्हणून मला ते पटलेलं नाही. लग्नाला दुसरा शब्द असावा असंच मला वाटतं. कोणता, ते विचार करूनही सुचलं नाही. सहजीवन हा शब्द कागदी वाटतो, सोबत फार लहान.

असो. जेवणात काय आहे?

माजघर

काका, तोच तर आता घरातला खरा वाद आहे. साताऱ्याची मंडळी माळकरी. कांदा-लसूण कसाबसा मान्य झालाय. सोलकढी आहे, पण मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणतात. बहीण दोन दिवस जेवली नाही. पोरग्याने सांगितलं तेव्हासुद्धा ती जेवली होती.

रापण

मासळी नाय? मगे ह्या लगीन माका मान्य नाय.

बंदरावरचा बाप्या

पाच न्यायमूर्तींचं एकमत.

कणकवलीची वकीलीण

चाकरमानी, मृत्युपत्रावर साक्षीदार दोन लागतात आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. म्हणजे तुम्ही नाही. त्या कुडाळच्या चुलतभावाला विचारून बघा. आधी एकदा सही करून गेलाय.